टोकन बरोबर होतं, ते पोचलंच नव्हतं

प्रश्न : सर, मी बार्शीला बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनचा कोर्स केला, मार्कही चांगले पडले. पण गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीतून, माझ्या खात्याची माहिती मागवायला गेले की दर वेळी ४०१ एरर येतो. ‘रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ असा मेसेज दिसतो. चार वेळा नवीन टोकन काढलं, तरी तेच. पंधरा दिवस यातच गेले. बाबा म्हणतात, हे सोड आणि तलाठी भरतीच्या अभ्यासाला लाग. कोड सोबत जोडला आहे. मला हे क्षेत्र जमेल का?

उत्तर : आधी एक काम कर, मग पुढचं वाच. जोडलेल्या कोडमध्ये तुझं टोकन जसंच्या तसं आहे. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये जा आणि आतापर्यंत काढलेली सगळी टोकन रद्द कर. टोकन ज्याच्या हातात, त्यालाच गिटहब ‘तू’ समजतं. मग तो कोणी का असेना.

झालं? आता तुझ्या कोडकडे वळू. टोकन चुकीचं किंवा रद्द झालेलं असतं, तर गिटहबने ४०१ बरोबर ‘बॅड क्रेडेन्शियल्स’ म्हटलं असतं. तुला वेगळाच मेसेज आला. त्याचा अर्थ, सर्व्हरला टोकन मिळालंच नाही. चार टोकन बदलूनही फरक पडला नाही तो त्यामुळेच.

मग ते गेलं कुठे? ऑथरायझेशनचं हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारी ओळखीची माहिती, तू नीट बनवलं आहेस, टोकनच्या आधी ‘बेअरर’ आणि एक जागासुद्धा सोडली आहेस. पण गेट फंक्शनला ते देताना यूआरएलनंतर नुसतंच दुसरं म्हणून दिलंस. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत ती दुसरी जागा पॅराम्सची, म्हणजे यूआरएलला जोडायच्या माहितीची असते. त्यामुळे तुझं टोकन हेडरमध्ये न जाता यूआरएलच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे चिकटलं. ‘headers=’ असं नाव घालून दे, चालेल. यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहून ठेवली जाते, म्हणून टोकन तिथे जाणं वाईटच. ती टोकन रद्द करायला सांगितली, त्यामागे हेही कारण आहे.

कोर्समध्ये हे का अडलं नाही, असं वाटेल. सार्वजनिक माहिती गिटहब टोकनशिवायही देतं, तासाला ६० रिक्वेस्टपर्यंत. टोकन पोचलं तर ५०००. थोडक्या रिक्वेस्टमध्ये ही चूक दिसतच नाही.

आता जमेल का ते. माझ्या मते जमेल. पंधरा दिवस एकाच एररशी झुंजणारी मुलं मला फार भेटत नाहीत. तुझं चुकलं ते एवढंच, की काय आलं हे पाहिलंस, काय गेलं ते पाहिलं नाहीस. रिस्पॉन्समध्येच तू पाठवलेली रिक्वेस्ट असते. तिची यूआरएल आणि हेडर्स प्रिंट करायला दोन ओळी पुरतात. दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडण्याची कामं, पेमेंटची, हिशेबाची, टेस्टिंगची, दिवसभर याच पद्धतीने चालतात. मी स्वतः अशा कामात होतो. एका रात्री टोकनची मुदत संपली, स्क्रिप्ट गप्प बंद पडली आणि सकाळी गिऱ्हाईकाचा फोन आल्यावर आम्हाला कळलं. तेव्हापासून मी स्टेटस कोड तपासल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही.

बाबांना सांग, तलाठीचा अभ्यास सोडत नाही, रोज दोन तास मात्र याला देते, तीन महिने. त्या वेळात एकच स्क्रिप्ट पुरी कर: तुझ्या सगळ्या रेपॉझिटरींची (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यांची) यादी एक्सेलला उघडेल अशा फाइलमध्ये काढणारी. एका पानावर जास्तीत जास्त १०० नोंदी येतात, पुढची पानं मागवायला शीक. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती पाहायची ती मुदत, स्वतः घाल, ही लायब्ररी तो आपणहून लावत नाही. दुसऱ्याची खाजगी रेपॉझिटरी मागून बघ. ४०३ (ओळख पटली, पण परवानगी नाही) ऐवजी ४०४ (सापडलं नाही) येईल, कारण ती आहे हेसुद्धा गिटहब परक्याला कळू देत नाही. मुलाखतीत ४०१ आणि ४०३ मधला फरक विचारला, तर पाठ केलेलं नको, हे स्वतः पाहिलेलं सांग.

आणि टोकन कोडमध्ये नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर सिस्टिममध्ये, ठेव. गिटमध्ये एकदा कमिट झालेली ओळ नंतर पुसली, तरी जुन्या इतिहासात राहते.

दुरुस्ती करून चालव आणि पाठवलेल्या रिक्वेस्टची हेडर्स मला कळव. टोकनच्या जागी फुल्या टाकून.