खाणीवर निघालायस म्हणे

प्रिय,

तू आणि तुझा दोस्त रविवारी राधानगरीकडच्या बंद बॉक्साइट खाणीवर फोटो काढायला जाताय, हे तुझ्या आईकडून कळलं. अडवत नाही. रंकाळ्यावर भेळ खाताना कुणाच्या ध्यानात येत नाही, पण तोही मुळात दगडाची खाणच. आपल्या गावाला हे वेड जुनंच म्हणायचं.

फक्त काठ सांभाळा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर, वरचा जांभा कडक, त्याखाली मऊ चिकणमाती. पावसाळ्यात ती माती वाहून जाते आणि जांभा छज्जासारखा अधांतरी उरतो. वरून मात्र जमीन ठणठणीत वाटते. मी एकदा समोरची आख्खी भिंत फ्रेममध्ये बसवायला मागं मागं सरकत होतो. दोस्तानं कॅमेऱ्याचा पट्टा धरून ओढलं आणि एक कचकचीत शिवी हासडली. माझ्या टाचेखालचं ढेकूळ खाली पाण्यात पडल्याचा आवाज त्यानंतर आला.

म्हणून एकजण फोटो काढत असेल तेव्हा दुसऱ्यानं आपला कॅमेरा गळ्यातच ठेवायचा आणि पहिल्याच्या पायांकडं बघायचं. मग अदलाबदल. काम कंटाळवाणं आहे. तुझ्या दोस्ताला ते जमणार नसेल, तर लेका, दुसरा बघ. जागा बदलताना आधी डोळ्यावरचा कॅमेरा खाली, मग पाऊल.

खाणीतल्या पाण्यात उतरायचं नाही. काठ सरळ तुटलेले आणि तळाला गाळ, बाहेर यायला हाताला काही लागत नाही. दगडांच्या ढिगात हात घालू नका, फुरसं असतं. जागा अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याला आधी विचारा. तिकडं गव्यांचा वावर आहे.

आता फोटोचं. कॅमेरा आपणहून रंग जुळवतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स जांभ्याचा तांबडा रंग पार मारून टाकतो, तो 'डेलाइट'वर ठेव. लेन्स तिथं बदलू नकोस, धूळ थेट सेन्सरवर बसते. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवरचे यंत्राच्या दातांचे ओरखडे उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट. भिंत किती उंच ते कळायला फ्रेममध्ये माणूस लागतो. दोस्ताला काठावर नाही, खाणीच्या कोरड्या तळात उभा कर, आणि भिंतीच्या उंचीइतका तरी तिच्यापासून लांब.

सड्यावर रेंजचा भरवसा नाही. कुठं चाललाय, किती वाजता परत येणार, ते कागदावर लिहून आईकडं दे.

सोमवारी फोटो घेऊन ये. दोस्तालाही आण, त्याचे आधी बघणार आहे.

तुझा,
काका