पोरगी शहरात टिकेल का?

नमस्कार भाऊ,

तुमची मुलगी बारावीला आहे, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत तिला 'अ' श्रेणी मिळाली आणि दोन हंगामांपासून ती गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीचे पडदे रंगवते, असं तुम्ही लिहिलंय. तिला चित्रकलेच्या पदवीसाठी मुंबईलाच जायचंय. दोन एकर धानावर मुंबई झेपेल का आणि शिकल्यावर ती तिथे टिकेल का, हा तुमचा प्रश्न. टिकण्याचं विचारलंत, याचं मला मनापासून बरं वाटलं. बहुतेक पालकांचा प्रश्न प्रवेशापाशीच संपतो.

कलावंत एखाद्या गावात कशाने टिकतो, ते वडशातच पाहा. दिवाळी झाली की तिथे कंपन्यांची ऑफिसं गजबजतात. मंडईचं (दिवाळीनंतरची गावजत्रा) आणि शंकरपटाचं (बैलांच्या शर्यती) नाटक ठरवायला गावोगावची मंडळं तिथेच येतात. नट, गायक, ऑर्गनवाला, पडदेवाला, लाइट-साउंडवाला, पोस्टर छापणारा, सगळे हाकेच्या अंतरावर, आणि खोलीचं भाडंही परवडणारं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या नाटकांच्या, कामासाठी. पण होळीनंतर काम आटतं आणि धानाच्या रोवणीला कितीतरी कलावंत बांधीत उतरतात, हेही तुम्ही दरवर्षी बघता.

कलावंत कला सोडतो तो अशाच रिकाम्या महिन्यांत. आयर्लंडच्या सरकारने हे ओळखलं आणि २०२२ मध्ये २,००० कलावंतांना तीन वर्षांसाठी दर आठवड्याला ३२५ युरो देण्याची योजना सुरू केली. आपल्याकडे तसा आधार नाही, त्यामुळे रिकाम्या महिन्यांचा हिशेब घरालाच करावा लागतो.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं आहे, तिथल्या शिक्षणाबद्दल शंका नको. सिनेमा, मालिका, जाहिराती, कामही तिथेच जास्त. माझी भीती पदवीनंतरच्या दोन-तीन वर्षांची आहे. वीस फुटी पडदा पसरायला जागा लागते आणि मुंबईत नवख्या मुलीची कमाई झोपायच्या खोलीतच संपते. पोटापाण्यासाठी भलतीच नोकरी धरून चित्रातला हात हरवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

म्हणून माझं मत नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाकडे झुकतं. तिथून वडसा जवळ आहे, सुट्टीत पडद्यांचं काम आणि ओळखी चालू राहतील. मुंबईला जायचंच तर चार वर्षांनी, हातात काम घेऊन जाऊ द्या. प्रवेश राज्याच्या कला सीईटीतून होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि डिझाइनचा सराव आतापासून हवा. वसतिगृह निर्वाह भत्ता आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कला संचालनालयाच्या योजना बघा. उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा.

नागपूरनेही या मुलांसाठी काही करायला हवं. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळांचे वर्ग अल्प भाड्याने रंगकामाला आणि तालमीला दिले, केलेल्या कामाचे पैसे महिन्याच्या आत हातात पडले, तर किती पोरं पुण्या-मुंबईची गाडी धरणार नाहीत! नगरसेवक मत मागायला आले की हे विचारायला हवं, आणि मी विचारतो.

तिने रंगवलेल्या पडद्यांचे फोटो मला पाठवा. दिवसा, मोकळ्या उजेडात काढलेले, आणि शेजारी माणूस उभा करून, म्हणजे आकार कळेल. सीईटीआधी तिच्याशी एकदा मला स्वतः बोलायचंय.