वर बर्फ, खाली नासलेलं दूध

फ्रीजमध्ये वर बर्फ साचतोय आणि खाली दूध नासतंय? गॅस भरायची घाई करू नका. आधी प्लग काढा आणि फ्रीजरमधलं मागचं पॅनल उघडा. कॉइल (गारवा देणारी नळी) पांढऱ्या बर्फात गाडली गेली असेल, तर बहुतेक डीफ्रॉस्टचंच, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या यंत्रणेचंच दुखणं. तो बर्फ सुरीने खरवडू नका हो! मी एकदा कॉइलला भोक पाडून बसलोय. दार उघडं ठेवून रात्रभर वितळू द्या, खाली जुनी चादर टाका.

मग डीफ्रॉस्टचा सेन्सर. यात दोन प्रकार येतात:

- थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे याचा रोध बदलतो): कनेक्टर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा आणि सेन्सरचं टोक बर्फाच्या पाण्यात बुडवा. आकडा हळूहळू चढला पाहिजे. ढिम्म हलला नाही, तर गेला.
- बायमेटल (तापमानाप्रमाणे उघडबंद होणारा स्विच): खोलीच्या तापमानाला हा 'ओपन'च, म्हणजे सर्किट तुटलेलंच दाखवतो. नवखे इथेच फसतात आणि चांगला माल फेकून देतात. दुसऱ्या चालू फ्रीजरमध्ये तास-दोन तास ठेवून, काढल्या काढल्या मोजा. तेव्हाही 'ओपन'च दाखवला, तर गेला.

सेन्सर ठीक निघाला तर बर्फ वितळवणारा हीटर मोजा. तो 'ओपन' दाखवत असेल तर चोर सापडला.

पुण्यात तापकीर गल्लीत (इलेक्ट्रिकल मालाच्या बाजारात) नवा घ्यायला जाताना जुना सेन्सर खिशात असू द्या. दिसायला सारखे, पण ओहम वेगळे. पीसीबीचं (कंट्रोल बोर्डचं) नंतर बघू.