पाणी, माती, जंगल यांच्या व्यवस्थापनावर सामान्य लोकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. त्यात कोणते विषय ठेवावेत, आणि अशा कार्यक्रमांनी खरोखर काही बदलते का?

अशा कार्यक्रमांची आखणी करण्याचे आणि ते प्रत्यक्ष पार पाडण्याचे काम मी केले आहे, त्या आधारे लिहितो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे सोयीचे होईल, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. बदल होतो, परंतु कार्यक्रम एखाद्या निर्णयाला जोडलेला असेल तरच. म्हणून विषयांची यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि येणाऱ्या मंडळींना येत्या हंगामात आपल्या वापरातील नैसर्गिक साधनाविषयी नेमके काय ठरवायचे आहे, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे का, हे आधी शोधावे. कोणते कुरण किती महिने बंद ठेवायचे, विहिरीच्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे, जाळ्याचे भोक किती मोठे असावे, असा एक जरी प्रश्न हाती लागला, तरी दिवसभरात काय शिकवायचे ते बहुतांशी आपोआप ठरते.

जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९७७ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी पर्यावरण शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद घेतली होती. तिने या शिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. आपल्या पाहण्यात येणारे बहुतेक कार्यक्रम पहिल्या दोन उद्दिष्टांपाशीच थांबतात. रिओ येथील १९९२ च्या संयुक्त राष्ट्र परिषदेत स्वीकारलेल्या ‘अजेंडा २१’ या आराखड्यातील ३६ व्या प्रकरणातही शिक्षण, लोकजागृती आणि प्रशिक्षण यांचा वेगवेगळा उल्लेख आहे, आणि हा भेद व्यवहारात फार उपयोगी पडतो. ५ जूनच्या पर्यावरण दिनाची मिरवणूक ही लोकजागृती आहे. ती जरूर काढावी, पण तिच्याकडून प्रशिक्षणाच्या फळाची अपेक्षा ठेवू नये.

प्रशिक्षण कसे असावे, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण इंडोनेशियातील भातशेतीचे आहे. तेथे सरकारी अनुदानामुळे कीटकनाशके स्वस्त झाली होती, फवारण्या वाढल्या होत्या, आणि तुडतुड्यांना खाणारे कोळी व मित्रकीटक त्या फवारण्यांत मरून गेल्यामुळे तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव कमी होण्याऐवजी वाढला होता. १९८६ मध्ये सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली, आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तेथे शेतीशाळा सुरू झाल्या. साधारण पंचवीस शेतकऱ्यांचा गट लावणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला शेतावरच जमत असे. लहान तुकड्या करून रोपांची वाढ, किडी, मित्रकीटक, पाणी आणि हवामान पाहायचे, पाहिलेले मोठ्या कागदावर चित्र काढून मांडायचे, आणि या आठवड्यात फवारणी करायची की नाही हे चर्चेने ठरवायचे, असा तो क्रम होता. कोणी किडा दाखवून नाव विचारले, तर प्रशिक्षकाने नाव न सांगता तो कोठे सापडला, तेथे काय करत होता, असा उलट प्रश्न विचारावा, अशी शिस्त होती. काही रोपांची पाने मुद्दाम कापून उत्पन्नावर काय परिणाम होतो, हेही शेतकरी स्वतः पाहत. वाढीच्या सुरुवातीच्या काळात पाने थोडी गेली तरी पीक ते नुकसान भरून काढते, ही गोष्ट त्यांना सांगितली असती तर किती जणांनी मानली असती, याची मला शंका आहे. स्वतः कापलेल्या रोपाला आलेली लोंबी हातात घेतल्यावर मात्र वाद उरत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती खर्चिक आहे, आणि शेतीशाळेला न गेलेल्या शेजाऱ्यांपर्यंत ते ज्ञान आपोआप फारसे पोहोचत नाही, असे इंडोनेशियातच केलेल्या अभ्यासात आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे: ‘अमुक औषध मारू नका’ हा निरोप एका वाक्यात पोहोचवता येतो, पण निरीक्षण करून निष्कर्ष काढण्याची सवय बांधावर उभे राहून सांगता येत नाही. म्हणून ‘एकाला शिकवा, तो दहांना शिकवील’ या हिशेबावर कार्यक्रमाचे आकडे बसवणाऱ्यांपासून जरा सावध राहावे, असे मला वाटते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या साधनासाठी, म्हणजे मुख्यतः भूजलासाठी, मोजमापाला पर्याय नाही. तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशातील सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांत अन्न व कृषी संघटनेच्या पाठबळावर चाललेल्या प्रकल्पात शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस मोजला, निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी नोंदवली, आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी सर्वांसमोर पाण्याचा ताळेबंद मांडला. जमिनीत किती पाणी आहे आणि सर्वांनी ठरवलेली पिके घेतली तर किती लागेल, हे दोन आकडे शेजारी शेजारी येत. त्यानंतर कोणते पीक घ्यायचे हे ज्याने त्याने आपापले ठरवायचे. कोणावर सक्ती नव्हती. या उदाहरणातील वेळेची निवड माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. हाच ताळेबंद पेरणीनंतर मांडला असता, तर तो कितीही अचूक असला तरी केवळ माहितीपर व्याख्यान ठरला असता. जलदिन २२ मार्चला येतो म्हणून २२ मार्चला पाण्याचे प्रशिक्षण ठेवणे आयोजकांना सोयीचे असते, पण तारीख निर्णयाच्या आधी काही आठवडे पडते की नाही, हे पाहूनच ती ठरवावी.

पहिल्या कार्यक्रमासाठी शक्यतो लवकर प्रतिसाद देणारे साधन निवडावे. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आंदावादोआका या गावातील मच्छीमारांनी २००४ मध्ये ऑक्टोपस पकडण्याच्या जागेचा एक भाग काही महिने बंद ठेवला. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढत असल्यामुळे ती जागा पुन्हा उघडल्यावर मोठ्या आकाराचे ऑक्टोपस हाती लागले, आणि हे पाहून आजूबाजूच्या गावांनीही तसाच प्रयोग सुरू केला. पुढे याच अनुभवाच्या आधारावर तेथील लोकांनी सागरी क्षेत्राचे स्थानिक व्यवस्थापन उभे केले. बंद जागा उघडण्याच्या दिवशी शेजारच्या गावांना बोलावणे हे कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा चांगले प्रशिक्षण आहे, कारण तेथे मच्छीमाराला मच्छीमारच सांगत असतो आणि पुरावा टोपलीत असतो. जंगल पुन्हा उभे राहायला पिढी जाते. बंद ठेवलेल्या कुरणातले गवत मात्र एका पावसाळ्यात बोलते.

मातीविषयी बोलायचे असेल तर एक सोपे प्रात्यक्षिक सुचवतो. वारंवार नांगरलेल्या जागेतील आणि बरीच वर्षे न हलवलेल्या जागेतील अशी दोन सुकी ढेकळे जाळीवर ठेवून पाण्याने भरलेल्या पारदर्शक भांड्यांत बुडवावीत. सेंद्रिय अंश आणि मुळांचे जाळे असलेले ढेकूळ बराच वेळ टिकते, तर दुसरे बहुधा काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करते. ढेकळे आयोजकांनी न आणता सहभागी लोकांनी आपापल्या शेतातून आणावीत, म्हणजे निकाल त्यांच्या जमिनीविषयीचा असतो आणि चर्चा लगेच रंगते.

आता निमंत्रणाविषयी. साधन प्रत्यक्ष वापरणारे लोक आणि सभेला नियमित येणारे लोक हे अनेकदा वेगळे असतात. सरपण गोळा करणाऱ्या स्त्रिया, ठरावीक मोसमात येणारे मेंढपाळ, दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ यांची गैरहजेरी असताना चराईबंदीचा किंवा वृक्षतोडीचा नियम ठरला, तर तो मोडला जाणे अटळ आहे. त्यांना सोयीची वेळ आणि जागा विचारून घ्यावी. सकाळी दहाची वेळ बहुधा फक्त व्याख्यात्यांना सोयीची असते.

अधिकाराचा मुद्दा मी सुरुवातीला काढला, तो टाळून चालत नाही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामाईक कुरणे, सिंचन व्यवस्था आणि मासेमारी यांचा अभ्यास करून दाखवले की, टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये हद्दी स्पष्ट असतात, नियम बदलताना वापरणाऱ्यांचे मत चालते, देखरेख त्यांच्याच माणसांकडे असते आणि नियम मोडणाऱ्याला पायरीपायरीने वाढत जाणारा दंड होतो. नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्याने स्थानिक उपभोक्ता गटांना जंगल सांभाळण्याचा आणि त्याचे उत्पन्न घेण्याचा अधिकार दिला; अशा ठिकाणी झाडांची मोजणी कशी करावी याचे प्रशिक्षण कामाला येते, कारण त्या मोजणीवरून किती तोडायचे हे त्याच गटाला ठरवायचे असते. ज्यांना कोणताच निर्णय घेता येत नाही, त्यांना संवर्धनाचे महत्त्व समजावत बसणे मला तर अपमानकारक वाटते. तशी परिस्थिती असेल तर कार्यक्रमाचा विषय बदलावा आणि अधिकार कोणाकडे आहे, अर्ज कोठे करायचा, कोणती नोंद मागता येते, हेच शिकवावे.

उपयोग झाला की नाही, हे उपस्थितीच्या नोंदवहीवरून किंवा शेवटच्या अर्ध्या तासात भरून घेतलेल्या अभिप्रायांवरून कळत नाही; जेवण चांगले असले की अभिप्रायही चांगले येतात. एक हंगाम उलटल्यावर ठरवलेली गोष्ट किती जणांनी केली, आणि ज्यांनी केली नाही त्यांना काय आडवे आले, एवढेच विचारावे.

यावरून लक्षात येईल की एक दिवस पुरेसा नाही. पैसा किंवा मनुष्यबळ तेवढेच असेल तर त्या एका दिवसाचे दोन अर्धे दिवस करावेत: पहिला निर्णयापूर्वी, प्रत्यक्ष जागेवर, मोजमाप आणि चर्चेसाठी, आणि दुसरा हंगाम संपल्यावर, त्याच लोकांबरोबर, त्याच जागेवर पुन्हा मोजण्यासाठी. दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्याच निमंत्रणात छापावी.