साडीच्या रंगाची नेलपॉलिश घरी बनवता येते का? येते, पण आधी बेस बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या साखरपुड्याला आमसुली रंगाची, हिरवी झाक मारणारी धूपछाव साडी नेसायची आहे. तशी नेलपॉलिश कुठे मिळाली नाही, म्हणून पारदर्शक नेलपॉलिशमध्ये आयशॅडो कुस्करून घातली. दुसऱ्या दिवशी तळाशी साका बसला आणि नखावर रवाळ थर आला. आता पिगमेंट, म्हणजे रंगाची सुटी पूड, आणून हे घरी जमेल का?

जमेल. मी नवरीची नखं रंगवायचं काम करते आणि साडीशी जुळणारे कितीतरी रंग घरीच बनवते. तुमची रंगाची निवड चुकलेली नाही, बेस, म्हणजे रंग ज्यात मिसळला तो पारदर्शक द्रव, चुकला आहे.

पारदर्शक नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेटमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. नखावर लावलं की ॲसिटेट उडून जातं आणि पातळ पापुद्रा मागे राहतो. पण पिगमेंट यात विरघळत नाही. त्याचे कण नुसते लटकलेले असतात आणि त्यांना धरून ठेवणारं काही नसेल तर ते खाली बसणारच. कंपनीच्या रंगीत बाटलीत हे काम एक खास प्रक्रिया केलेली चिकणमाती करते. लेबलवर ‘स्टिअराल्कोनियम हेक्टोराइट’ किंवा ‘बेंटोनाइट’ असं लिहिलेलं दिसेल, ती हीच. बाटली शांत असताना ती लागलेल्या दह्यासारखी कणांना धरून बसते आणि हलवली की सैल होऊन ब्रशवरून नीट उतरते. असा बेस ‘सस्पेन्शन बेस’ या नावाने मिळतो. तो घ्या. टॉप कोटची बाटली त्या कामाला चालत नाही. आयशॅडो तर यापुढे वापरूच नका. ती दाबून बसवण्यासाठी तिच्यात टाल्क आणि तेलकट पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे गुठळ्या होतात आणि पापुद्रा मऊ पडतो.

आता रंग. सौंदर्यप्रसाधनांसाठीच म्हणून विकलेलं पिगमेंट घ्या. रांगोळी, होळीचे रंग, कुंकू किंवा चित्रकलेची पूड नको. त्यांत काय मिसळलंय याचा भरवसा नसतो आणि चित्रकलेच्या काही रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे, ते या बेसमध्ये मिसळतच नाहीत. विरघळणारा डाय मिळाला तरी मी घेत नाही, कारण तो नखात मुरतो आणि पिवळे डाग ठेवून जातो. रेव्हलॉनची सुरुवात १९३२ साली एवढ्या एका गोष्टीवर झाली होती: डायऐवजी पिगमेंट घातलेली, नख पूर्ण झाकणारी नेलपॉलिश. आपण घरी करतोय तेही तेच. अजून एक, कारमाइन हा सुंदर लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. घरात कोणी शाकाहार पाळत असेल तर लेबलवर ७५४७० हा क्रमांक बघून बाटली बाजूला ठेवा.

तुमच्या आमसुलीला चार पुड्या पुरतात: लाल आयर्न ऑक्साइड, निळा अल्ट्रामरीन, काळा आयर्न ऑक्साइड आणि एखादा झळाळता लाल लेक (न विरघळणाऱ्या पुडीवर पक्का बसवलेला डाय). नुसत्या आयर्न ऑक्साइडने विटकरी रंग येतो. निळा पडला की तो आमसुलाकडे वळतो, पण थोडा मरगळतो. लेकने त्यात पुन्हा जीव येतो. काळा मात्र सुईच्या टोकावर घ्यायचा. एक थेंब जास्त झाला तर रंग मागे आणायला दुप्पट लाल ओतावा लागतो.

पुड्या थेट बाटलीत ओतू नका. माझा सगळा भर याच एका पायरीवर असतो. कारखान्यात पिगमेंट रोलरखाली दळून नायट्रोसेल्युलोजमध्ये घोटतात. घरी ते शक्य नाही, पण काचेचा छोटा खल चालतो (स्वयंपाकघरातला नको, वेगळा ठेवा). एका वेळी एकच रंग घ्या, त्यावर बेसचे चार-पाच थेंब टाका आणि गंध उगाळतो तसं न घाई करता घोटा. घट्ट झालं की आणखी दोन थेंब. बत्त्याखालची करकर बंद झाली आणि काचेवर ओढलेली रेघ गुळगुळीत आली की समजा झालं. मग उरलेल्या बेसमध्ये मिसळून त्या रंगाची वेगळी बाटली भरा. १० मिली बेसला पाव ग्रॅम पूड घेऊन सुरुवात करा. दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. पूड हाताळताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा.

रंग नीट ढवळला जावा म्हणून प्रत्येक बाटलीत स्टेनलेस स्टीलचे दोन छर्रे टाका. सुरुवातीला मी सायकलच्या बेअरिंगचे टाकले होते. ते गंजले आणि एका नवरीसाठी बनवलेला फिका अबोली रंग आठवड्यात मातकट झाला. रंग पुन्हा बनवला, पण त्या दिवसापासून बाजारातून आणलेला छर्रा आधी चार दिवस मिठाच्या पाण्यात ठेवते, गंजला नाही तरच वापरते.

चार बाटल्या तयार झाल्या की खरी मजा. ड्रॉपरने थेंब मोजत मिसळा आणि प्रत्येक थेंब वहीत लिहा: लाल २०, निळा ६, लेक ४, असं. फिक्यात गडद घालायचा, उलट नाही. दोन थेंबांनंतर थांबा, कृत्रिम नखावर दोन कोट लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. जुळवून बघायचं ते खिडकीतल्या उजेडात आणि समारंभ जिथे आहे तशा दिव्याखाली, दोन्हीकडे. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला आमसुली उन्हात तांबूस दिसू शकतो, कारण साडीचा रंग आणि आपलं पिगमेंट प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने परत फेकतात. साखरपुडा संध्याकाळी हॉलमध्ये असेल तर मी हॉलच्या दिव्याला मान देईन.

राहिली ती हिरवी झाक. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून वळलं की रंग बदलतो. नखावर हे करायला ‘इंटरफेरन्स मायका’ नावाची पूड आहे, हिरव्या झाकेची मागा. डबीत ती पांढरट दिसते, फसवलं असं वाटू देऊ नका. अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्या थराच्या जाडीवर कोणता रंग चमकेल ते ठरतं. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तोच प्रकार. पांढऱ्यावर ही झाक जेमतेम दिसते, गडद रंगावर उठून येते, आणि तुमचा आमसुली गडदच आहे. मायका घोटायची नाही, कण मोडले की चमक जाते. ती आमसुलीत न मिसळता पारदर्शक बेसमध्ये वेगळी ढवळा आणि दोन कोट वाळल्यावर वरून एकच पातळ हात फिरवा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा नवरीने बोट वाकवलं, आमसुलीवर हिरवं सरकलं, आणि ती पदर शेजारी धरून कितीतरी वेळ बोट हलवत राहिली.

काळजीचं थोडं. इथाइल ॲसिटेटची वाफ गार खोलीतही पेट घेते. गॅस, समई, उदबत्ती यांपासून लांब, खिडकी उघडून बसा आणि लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका. कडक पारदर्शक प्लास्टिकचे पेले यात विरघळतात, काच वापरा. मिश्रण घट्ट झालं तर नेलपॉलिश थिनरचे दोन थेंब टाका. ॲसिटोन नाही, त्याने पोत बिघडतो. जेल पॉलिशमध्ये यातलं काहीही मिसळू नका, ते दिव्याखाली वाळणारं वेगळंच रसायन आहे आणि कच्चं राहिलं तर त्वचेला ॲलर्जी होते. लावण्याआधी नखावर बेस कोट (रंगाखालचा पारदर्शक थर) हवाच. बाटली जोरात हलवलीत तर बुडबुडे धरतील, रवी फिरवतो तशी तळहातांत फिरवा.

साखरपुड्याला आठ दिवस असतील तर आजच मिसळायला घ्या आणि बाटली तीन दिवस हात न लावता ठेवा. साका बसला नाही तर बेस चांगला आहे. रंग जुळवायला साडीचा मोबाइलवरचा फोटो घेऊ नका. पदराचे गोंडे करताना सुटलेले दोन-चार धागे असतील, ते वहीत थेंबांच्या आकड्यांशेजारी चिकटवा.