ट्रंकेतला 2012 चा कागद

जुळे सोलापुरातून एका तरुणाचं पत्र आलं आहे. वडील चोवीस वर्षं नौदलात, त्यातला बहुतेक काळ वाफेच्या जहाजांच्या बॉयलर रूममध्ये. 2012 साली निवृत्त झाले, मग सात वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. आता वय 57. एक जिना चढला की धाप लागते, स्कॅनमध्ये ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार निघाला. ओळखीचे एक सल्लागार म्हणतात, 'अमेरिकेत माजी सैनिकांना अशा आजाराचे कोट्यवधी मिळतात, आपल्याकडेही मिळवून देतो. फी अडीच लाख, आगाऊ.' प्रश्न असा, की नऊ लाखांची एफडी मोडायची की आईचं सोनं गहाण ठेवायचं?

एफडीला हात लावू नका आणि सोनंही घरातच राहू द्या. अमेरिकेचा 2022 चा पॅक्ट कायदा त्यांच्या सैनिकांसाठी आहे. त्यातला कँप लेज्यून या अमेरिकी लष्करी तळावरच्या दूषित पाण्याचा भाग 1953 ते 1987 या काळात त्या तळावर किमान तीस दिवस राहिलेल्यांपुरता होता, आणि ते दावे दाखल करण्याची मुदतही ऑगस्ट 2024 मध्ये संपली. सल्लागारांनी तुम्हाला दाखवलेलं दीड कोटींचं कात्रण खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली हवाई दलातल्या एका माजी जवानाला ती भरपाई दिली. पण ते प्रकरण लष्करी रुग्णालयात दूषित रक्त चढवल्याचं, म्हणजे वैद्यकीय निष्काळजीपणाचं होतं. त्या आकड्यावर घराचं गणित मांडू नका.

तुमच्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ आहे: 'निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने श्वसनाचा आजार 30 टक्के लिहिला होता, पण सेवेशी संबंध नाही म्हणून विषय तिथेच संपला.' विषय संपला नव्हता. बोर्डाच्या त्या शेऱ्याविरुद्ध अपील करून अपंगत्व पेन्शन मागता येते, हे तुमच्या वडिलांना कुणी सांगितलंच नाही. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. बोर्डाने नुसतं 'संबंध नाही' लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं.

आता हिशोब, ढोबळच. मूळ पेन्शन 22,000 आहे, ती वेतनाच्या निम्मी, म्हणजे हिशोबाचं वेतन 44,000 धरू. शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या 30 टक्के मिळतात. तुमच्याकडे अपंगत्व 30 टक्के आहे, पण पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं असा नियम आहे, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू होतो, असं 2014 च्या राम अवतार निकालात ठरलं. म्हणजे 13,200 च्या निम्मे, 6,600, महागाई भत्ता धरून महिना दहा हजारांच्या घरात. मागची थकबाकी मात्र सहसा अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते: साडेतीन लाखांच्या आसपास. त्याआधीचे पैसे गेलेच असं धरा. आणि तुम्ही थांबाल तितक्या महिन्यांचे आणखी जातील.

याहून मोठी रक्कम आईची आहे, आणि तिच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण लिहायला हवं. उद्या वडिलांचं याच आजाराने काही झालं, तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटी वेतनाच्या 30 टक्क्यांवर येतं, म्हणजे 13,200. आजार सेवेमुळे झाला हे मान्य झालेलं असेल तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन 60 टक्के, 26,400. वर भत्ता वेगळा. आई 52 वर्षांची आहे. हा फरक तिला कदाचित तीस वर्षं पुरायचा आहे, आणि वडील हयात असताना, बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारं ॲस्बेस्टॉसचं आवरण, फोडताना उडणारी पांढरी धूळ ते स्वतः सांगू शकत असताना हे काम सोपं आहे.

सरकारी बाजू टॉवेल कारखान्यातल्या सुताच्या धुळीकडे बोट दाखवणार, हे धरून चाला. म्हणून 2012 चा कागद लाखमोलाचा. आजार कारखान्यात जाण्याआधीच नोंदला गेला होता, हे तो सांगतो. ट्रंक उघडा. कागद सापडला नाही तर मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्स या नौसैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या त्या तपासणीच्या, अहवालाची प्रत आणि जहाजांवरच्या नेमणुकांची यादी मागा. अपिलाचा मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. माजी सैनिकांना मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) 2025 मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिचीही तिथे चौकशी करा. अपिलाला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागेल. निकाल लगेच लागणार नाही आणि तो तुमच्याच बाजूने लागेल अशी हमी कुणी देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता राहिली ती पॉलिसी. याच सल्लागार गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या नावे 'गॅरंटीड' विमा गळ्यात मारला, हप्ता वर्षाला एक लाख वीस हजार, आणि फॉर्मवर आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहायला लावलं. याचा मला खरोखर संताप आला. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी ही लपवाछपवी काढून दावा नाकारू शकते. तुम्ही ज्या कागदावर पेन्शन मागणार, तोच कागद या फॉर्मला खोटं ठरवतो. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही. कंपनीला आजाराची माहिती लेखी कळवा, सरेंडर व्हॅल्यू लेखीच मागवा. भरलेल्या दोन लाख चाळीस हजारांतले बरेच बुडतील, ते सोसा.

तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात वडिलांच्या पेन्शन खात्यातून आपोआप कापला जाणार आहे. सोमवारी बँकेत जाऊन ती ऑटो डेबिटची सूचना आधी बंद करा, आणि पोचपावती घ्या.