मुलगा-मुलगी सारखेच म्हणतो, मग लहानपणी फरक नेमका कुठे पडतो?

फ्रॉक गुलाबी की शर्ट निळा, यात फारसं काही नसतं. फरक पडतो जेवणं आटोपल्यावर. आमच्याच घरातलं सांगते. सात वर्षांची लेक ताटं उचलते, पाच वर्षांचा लेक मोबाइल घेऊन सोफ्यावर. त्यानं एखाद्या दिवशी स्वतःचा पेला उचलला की आजी दृष्ट काढायला तयार! "किती गुणाचं गं माझं बाळ!" बहिणीचं रोजचं काम मात्र 'वळण' म्हणून खपून जातं.

रडण्याचंही तसंच. "मुलींसारखा काय रडतोस?" या एका वाक्यात दोघांचाही अपमान.

बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं, तेव्हा केवढी चर्चा झाली! चित्र खरं तर साधंच. पण पोरं पुस्तकापेक्षा घरातला ओटा जास्त बघतात. तिथे बाबा दिसलेच नाहीत तर पुस्तक काय करणार?

आता आम्ही कामं चिठ्ठ्या टाकून वाटतो, बाबांचीही चिठ्ठी असते. गेल्या आठवड्यात ताटं पुसायचं काम लेकाला आलं. तो शाळेतून यायच्या आत आजीनं गुपचूप सगळी पुसून ठेवली.